ग्वाल्हेरचा दगडवाला, अक्षरामागे २५ रुपये आणि आजीची पाटी

आधी तारे सांगून टाकते, घाईवाले मोकळे होतील. पाचपैकी साडेतीन. कोरकामाला साडेचार, वेळ पाळण्याला दोन, आणि मजकुराची जी लॅमिनेट केलेली फाईल हे लोक गिऱ्हाइकासमोर टाकतात तिला शून्य. खरं तर त्या फाईलपायीच लिहायला बसलेय त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

दुकानाचं नाव देत नाहीये कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि मालक माणूस वाईट नाही. हजीऱ्याच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला दगडी जाळ्या, तुळशीवृंदावनं, नंदी, कारंजी असं सगळं मांडून ठेवलेलं दिसतं ना, त्यातलंच एक. ग्वाल्हेरात दगडाला काय तोटा, पण नावाची पाटी म्हटली की निम्मे लोक सरळ मशीनवर टाकतात. हाताने छिन्नी चालवणारे थोडे राहिलेत, म्हणून गावातल्या लष्कर भागातून एवढ्या लांब टेम्पो करून गेलो, मी, आत्या आणि काका. काकांना न्यायला नको होतं, ते पुढे येईलच.

काम साधं होतं. आजीला जाऊन दोन वर्षं झाली, आत्याच्या मनात आलं की आपल्या दत्ताच्या देवळात तिच्या नावाने एक दगडी बाक द्यावा, कारण ती रोज संध्याकाळी तिथल्या पायरीवर बसायची आणि पायरी गार पडते म्हणून रोज कुरकुरायची. देवळवाल्यांची अट एकच, बाकाच्या पाठीवर पाटी लावा पण फूट बाय दीड फुटाच्या वर नको. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, आमच्या देवळात पंख्याच्या पात्यांवरसुद्धा कोणी ना कोणी कैलासवासी आहेत.

दर असे. दगडाचे वेगळे, घासाईचे वेगळे, आणि कोराईचे अक्षरामागे २५ रुपये. काळ्या ग्रेनाइटवर मशीनने केलं तर १५. आम्ही आपला पांढुरका वाळूचा दगड घेतला, इथलाच, डोळ्याला शांत वाटतो आणि उन्हात तापत नाही. आता जोडाक्षर एक धरायचं की दोन यावरून मालकाशी माझी पंधरा मिनिटं हुज्जत झाली, त्याचं म्हणणं "मैडम, छेनी तो दो बार चलेगी ना", माझं म्हणणं अक्षर एकच आहे, शाळेत विचारा कुणालाही. शेवटी जोडाक्षर दीड धरायचं ठरलं. काना मात्रा वेलांटी अनुस्वार फुकट. हे आधीच ठरवून घ्या, नंतर बिल बघून भांडण्यात मजा नाही.

मग त्याने ती फाईल काढली. "मैटर इसमें से देख लीजिए, जो चलता है सब है." डावीकडच्या पानांवर पुरुष, उजवीकडे लेडीज. पुरुषांकडे कर्मयोगी, समाजसेवी, संस्थापक अमुक, सेवानिवृत्त तमुक. बायकांकडे ममतामयी, धर्मपरायणा, पतिव्रता, त्याग की मूर्ति. बारा नमुने होते, मी मोजले, आणि बारातल्या एकातही ती बाई दिवसभर करायची काय हे नव्हतं, फक्त ती कशी होती. मराठी गिऱ्हाइकं पण येतात म्हणून खाली कुणीतरी पेनने लिहून ठेवलेलं, "प्रेमळ, सोशिक, पतिपरायण". सोशिक! आत्या म्हणाली हेच टाकूया, छान आहे. आमची आजी सोशिक? दूधवाल्याने पाणी घातलं तर भांडं त्याच्या सायकलवर ओतणारी बाई ती.

तर ती फाईल बघता बघता मला शीआन आठवलं. सांगते का ते.

माझा मुलगा कंपनीच्या कामाने चीनमध्ये शीआनला होता, २०१९ च्या सप्टेंबरात मी महिनाभर जाऊन राहिले. ते मातीचं सैन्य एका सकाळीत बघून झालं, गर्दी इतकी की शिपायांपेक्षा माणसंच जास्त दिसली. पण गावात शिलालेखांचं एक म्युझियम आहे, बेइलिन, म्हणजे शिळांचं रान, १०८७ साली सुरू झालेलं. तिथे मी तीनदा गेले. मुलाच्या ऑफिसातली एक मुलगी हौसेने यायची आणि मोबाईलवर शोधून शोधून मला वाचून दाखवायची, तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलंच, परत आल्यावर मिळेल ते वाचत सुटले.

तिथे थडग्यात ठेवायच्या शिळा असतात, मुझिमिंग म्हणतात. साधारण चौकोनी दगड, हात-दीड हात लांबीचा, त्यावर मेलेल्या माणसाची हकीकत कोरलेली आणि वर तेवढ्याच मापाचा दुसरा दगड झाकणासारखा, त्यावर जुन्या वळणाच्या लिपीत नाव. मजकुराचे दोन तुकडे, आधी गद्यात चरित्र आणि शेवटी यमक जुळवून पद्य. हे सगळं जमिनीखाली जातं बरं का, वाचायला कोणीच नाही. आधी लोक थडग्यावर उघड्यावरच मोठमोठ्या शिळा उभ्या करायचे, त्यात इतका पैसा उधळायला लागले की २०५ साली त्साओ त्साओ नावाच्या सत्ताधाऱ्याने बंदी आणली आणि २७८ मध्ये जिन घराण्याच्या सम्राटाने परत. बंदी आली म्हणून कौतुक थोडंच थांबतंय, ते खाली गेलं. पुढे उत्तर वेई घराण्याने ४९४ च्या सुमारास राजधानी लुओयांगला हलवली आणि तिथे या शिळांची चाल पक्की झाली. लुओयांगच्या उत्तरेच्या मांगशान टेकड्या म्हणजे थडग्यांची वसाहतच. नुसत्या थांग काळाच्या, म्हणजे ६१८ ते ९०७ मधल्या, हजारो शिळा निघाल्यात, आणि झांग फांग नावाच्या एका गृहस्थाने त्यातल्या हजारावर गोळा करून आपल्या गावी भिंतींतच बसवून टाकल्या.

आणि त्यांच्याकडेही हीच फाईल होती हो! लॅमिनेशन नव्हतं एवढंच. पुरुषाची शिळा म्हणजे पदांची यादी, इथे अधिकारी होता, मग बढती, मग तिथे बदली. बाईची शिळा म्हणजे बापाची आणि आजोबांची पदं, मग नवऱ्याची पदं, आणि मधल्या मोकळ्या जागेत गुण. मृदू होती, आज्ञेत राहायची, सासूची सेवा केली, सवतीच्या मुलांना आपलं मानलं, ऑर्किडसारखा सुगंध. उपमाही ठरलेल्या. मुलांना वळण लावलं असेल तर तत्त्वज्ञ मेंशियसच्या आईसारखी, जिने पोराला चांगला शेजार मिळावा म्हणून तीनदा घर बदललं. नवऱ्याचा मान ठेवला असेल तर मंग ग्वांगसारखी, जी नवऱ्यापुढे जेवणाचं ताट आणताना भुवयांपर्यंत वर उचलायची. एकीची शिळा दुसरीच्या थडग्यात ठेवली तर कुणाला कळलं नसतं.

हा साचा कुठून आला तर लिऊ श्यांग नावाच्या पंडिताने इसवीसनाच्या थोडं आधी नामांकित बायकांची चरित्रं जमवली तिथून, आणि मग इ.स. १०० च्या जरा पुढे बान झाओ नावाच्या बाईने मुलींसाठी उपदेश लिहिला त्यातून. चार गुण हवेत म्हणे, शील, बोलणं, रूप-राहणी आणि हातचं काम. बोलण्याचा अर्थ हुशारीने बोलणं नव्हे, नेमकं आणि वेळेवर बोलणं. आता ही बान झाओ स्वतः कोण, तर भावाने अर्धवट टाकलेला हान घराण्याचा अख्खा इतिहास पुरा करणारी, राणीला शिकवणारी पंडिता! स्वतः दरबारात ग्रंथ लिहायचा आणि पोरींना सांगायचं नम्र राहा. शिवाय त्या तीन आज्ञा होत्याच, आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या. म्युझियममधल्या त्या ऑफिसातल्या मुलीने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं थांब, हे तिन्ही टप्पे आमच्याकडे मनूने पण लिहून ठेवलेत, याच क्रमाने. दोघी खूप हसलो. नंतर फार हसू आलं नाही.

पण एका गोष्टीत ते आपल्यापेक्षा पुढे होते आणि हे मला त्या दुकानातच कळलं, म्युझियममध्ये नाही. मालकाने विचारलं "नाम क्या लिखना है". काकांनी आजीचं सासरचं नाव सांगितलं. मी म्हटलं माहेरचंपण टाका. काका म्हणाले ते कशाला, तिला कोण ओळखतं त्या नावाने.

आता बघा, चिनी शिळांवर बाईचं पहिलं नाव बहुतेक वेळा नसतंच. "त्सुई घराण्यातली बाई" एवढंच. नावासाठी ते जो शब्द वापरतात त्याचा अर्थच उच्चारायचं टाळावं असं नाव, आणि काही शिळांवर तर त्या शब्दापुढे जागा कोरी सोडलेली असते, नाव नंतर टाकू म्हणून, आणि ते कुणी टाकलंच नाही. पण तिचं माहेरचं आडनाव मात्र मरेपर्यंत आणि मेल्यावरही तिचंच. आपल्याकडे? लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहिलं की झालं, पहिलंही गेलं आणि आडनावही. आपल्या ग्वाल्हेरच्या फुलबागेत ज्या बाईंची समाधी आहे त्या जन्माने मणिकर्णिका तांबे, लग्नानंतर लक्ष्मीबाई नेवाळकर. एवढी तलवार चालवली तरी समाधीवर फुलं वाहणाऱ्या किती जणांना तांबे माहीत असेल, आमची आजी तर काय, मनीऑर्डरी लिहायची फक्त.

(नावं मी इथे लिहीत नाहीये कारण आत्याने दम दिलाय, नेटवर घरच्यांची नावं टाकायची नाहीत. म्हणजे मीपण कोरी जागाच सोडली. असो.)

दुसरं भांडण गं. भा. वरून. आजोबा १९७१ मध्ये गेले, बिर्लानगरच्या मिलमध्ये होते, आजी तेव्हा चाळिशीची. काकांचं म्हणणं नावाआधी "गं. भा." हवं, रीत आहे. मी म्हटलं बावन्न वर्षं विधवा होती हे दगडावर पहिलंच कशाला सांगायचं. तिकडे चीनमध्ये विधवेला काय म्हणायचे माहितीय, वेईवांगरेन, "अजून न मेलेली". नवऱ्याबरोबर जायला हवं होतं पण राहिली मागे, असा त्याचा सूर. विधवा स्वतःच स्वतःला म्हणायची. आपलं गंगा भागीरथी निदान ऐकायला तरी पवित्र आहे, पण काम तेच करतं.

आणि हे पुढे पुढे घट्टच होत गेलंय. थांग काळात बायका पुनर्विवाह करायच्या, राजकन्यासुद्धा, काही शिळांवर तर बाईने सांगितलेलं असतं की मी बुद्धाचं व्रत घेतलंय, मला नवऱ्याशेजारी पुरू नका. मला हे फार आवडलं होतं, मेल्यावर का होईना स्वतंत्र खोली. मग पुढे १३६८ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने नियमच केला की तिशीच्या आत विधवा झालेली बाई पन्नाशीपर्यंत तशीच राहिली तर सरकार तिचा सन्मान करणार आणि घराला वेठबिगार माफ. म्हणजे सुनेच्या वैधव्यावर सासरच्यांना सवलत! अशा विधवांच्या नावाने गावोगाव कमानी उभ्या राहिल्या. आपल्या चंबळ-बुंदेलखंडाकडे खेड्यांच्या वेशीवर सतीचे दगड दिसतात, वर सूर्य-चंद्र आणि मध्ये कोपरात वाकवलेला चुडा भरलेला हात, त्यावर तर गुणसुद्धा नाहीत, हातच फक्त. लहानपणी एस.टी.तून जाताना आजी ते दगड दिसले की दुसरीकडे बघायची. तेव्हा वाटायचं तिला गाडी लागते.

काका ऐकेनात. शेवटी मालकानेच सोडवलं, "चाचाजी, दो अक्षर के पचास रुपये बच रहे हैं", आणि पन्नास रुपयांवर गं. भा. गेलं. आमच्या घरात समाजसुधारणा अशीच होते.

आता मजकूर. इथे मात्र मला हान यू आठवला, आणि ज्यांना कुणाला अशी पाटी करायची असेल त्यांनी हे जरूर वाचा. हा थांग काळातला मोठा लेखक, ७६८ ते ८२४, लोक याच्याकडे रांगा लावून थडग्याचे मजकूर लिहून घ्यायचे आणि भरपूर मोबदला द्यायचे. त्याच्याकडे लिऊ चा नावाचा एक कवी राहायला होता, तो एक दिवस याचं सोनं उचलून चालता झाला, वर म्हणाला की हे तू थडग्यातल्यांची खुशामत करून मिळवलंयस, त्यापेक्षा माझ्या उपयोगी पडू दे. पैसे घेऊन लिहिलं की ममतामयी येणारच.

पण याच हान यूने दोन शिळा अशा लिहिल्यात की वाचून मी बाकावर बसून राहिले होते. एक त्याच्या दाईची. हा जेमतेम तान्हा असताना पोरका झाला, तर त्या दाईला, ली तिचं आडनाव, दया आली आणि ती त्याला टाकून गेली नाही, त्याच घरात म्हातारी झाली. पुढे हा परीक्षा पास होऊन अधिकारी झाला, सणासुदीला बायकोमुलांना घेऊन रांगेत तिच्या पाया पडायचा. ८११ मध्ये चौसष्टाव्या वर्षी ती गेली. एवढंच लिहिलंय. सुगंध नाही, भुवयांपर्यंत ताट नाही. दुसरी त्याच्या बारा वर्षांच्या मुलीची. ८१९ मध्ये बुद्धाच्या हाडाची राजवाड्यात पूजा करू नका असं सम्राटाला लिहिलं म्हणून याला दूर दक्षिणेला हाकललं, मागोमाग घरच्यांनाही बाहेर काढलं, मुलगी आजारी होती तरी. गाडीतले हिसके आणि खाण्यापिण्याचे हाल, वाटेतच गेली, डोंगरात रस्त्याकडेला पुरली, चार वर्षांनी हाडं घरच्या स्मशानात आणली. बापाने दगडावर गाडीतले हिसके लिहिलेत. बाराशे वर्षं झाली, मला अजून ती गाडी दिसते, आणि त्या गुणवंत बायकांपैकी एकही चेहरा दिसत नाही.

शांगुआन वान-अरची शिळा तर वेगळंच प्रकरण. सम्राज्ञी वू झेत्यानची लेखणी म्हणायची ती, दरबारचे हुकूम हीच लिहायची, ७१० मध्ये गादीच्या भानगडीत मारली गेली. इतिहासाच्या पुस्तकांत कारस्थानी म्हणून बदनाम. २०१३ मध्ये शीआनच्या विमानतळाजवळ तिचं थडगं सापडलं, उद्ध्वस्त केलेलं, पण शिळा शाबूत, हजाराला थोडीच कमी अक्षरं, आणि त्यात ती पुढच्या सम्राटाच्या बायकोच्या, वेई सम्राज्ञीच्या, विरोधात उभी राहिली, शेवटी विषसुद्धा प्यायली पण वाचली असं लिहिलंय. खरं काय कोण जाणे, कारण राजकन्या ताइपिंगने अंत्यविधीला रेशमाचे ५०० तागे दिले हेही त्याच दगडावर आहे. मैत्रिणीने लिहवून घेतलं तर मैत्रिणीसारखंच येणार. आमच्या दुकानाच्या दराने पंचवीस हजारांची कोराई झाली असती ती.

हे सगळं मी तिथल्या कारागिराला सांगत बसले होते, सगळे त्यांना चाचा म्हणतात, सत्तरीचे असतील. त्यांच्या कामाबद्दल सांगायलाच हवं कारण साडेचार तारे त्यांचे आहेत. दगड आधी पाण्याने पुसून घेतात, मग गेरूत बुडवलेला दोरा ताणून टिचकी मारतात की लाल रेघ उमटते, अशा आडव्या-उभ्या रेघांचं जाळं. मग गेरूनेच ब्रशने अक्षरं लिहितात, लांबून एक डोळा मिटून बघतात, पुसतात, परत लिहितात. छिन्नी त्यानंतर. मी तर थक्क झाले कारण चिनी शिळांचं अगदी असंच, रेघांचे चौकोन आखायचे आणि लाल रंगाने थेट दगडावर लिहून मग कोरायचं, त्या लाल लिहिण्याला नाव पण आहे, शूदान. फक्त त्यांचं प्रत्येक अक्षर एका चौकोनात बसतं त्यामुळे जोडाक्षराचं भांडण नाही. चाचांना मी वू झेत्यानच्या स्मारकाची गोष्ट सांगितली, छ्यानलिंगला तिच्या थडग्यापुढे भलीमोठी शिळा आहे आणि ती कोरी आहे, कोणी म्हणतं तिची थोरवी शब्दांत मावेना, कोणी म्हणतं पापं मावेनात. पुढच्या काळातल्या लोकांना ती रिकामी जागा बघवली नाही, त्यांनी येऊन आपापलं कोरून ठेवलं. चाचा ऐकून म्हणाले, "बिना मैटर का पत्थर? फिर तो घिसाई के ही पैसे मिले होंगे बेचारों को."

तर आजीचं काय लिहायचं. आजोबा गेल्यावर पेन्शन-फंडाचे अडकलेले पैसे सुटेपर्यंत घर चालायला काहीतरी हवं होतं. आमच्या गल्लीत मिलमधले पूरबकडचे मजूर खोल्या करून राहायचे, दर महिन्याला गावी मनीऑर्डर करायचे, त्यांना लिहिता यायचं नाही. आजी धारची, सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. चार आण्याला एक फॉर्म. आणि फॉर्मच्या खाली संदेशाची ती एवढीशी चौकट असायची ना, त्यात तो माणूस पाच मिनिटं बोलायचा ते ही दोन ओळींत बसवायची. "पैसे भैंस के लिए नहीं अम्मा की आंख के लिए हैं." हे एक मला पाठ आहे कारण ती ते सांगून हसायची. उधारीची वही ठेवायची. गेल्यावर कपाटात ती वही मिळाली, तीन जणांकडून पन्नास-पन्नास पैसे येणं बाकी, नावांपुढे खूण केलेली, म्हणजे विसरली नव्हती.

फाईल बंद केली आणि मी कागदावर लिहून दिलं. सासरचं नाव, खाली "माहेरची" म्हणून ते नाव आणि धार, सालं १९३१ ते २०२३, आणि शेवटी "गल्लीच्या मनीऑर्डरी लिहिणारी". आत्या आधी म्हणाली हे काय, लोक हसतील. मग स्वतःच हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली "त्या भैंसवाल्याचं पण टाकायचं का". शेवटच्या ओळीची अक्षरं साडेतेरा भरली, म्हणजे ३३७ रुपये ५० पैसे. वरचे पन्नास पैसे मालकाने सोडले. आजीने सोडले नसते.

आता तक्रार. दहा दिवस सांगितलेले, एकतीस लागले, फोन केला की "बस कल पॉलिश". आणि पाटी आली तेव्हा माहेरच्या आडनावात ळ च्या जागी ल! इतका भांडून टाकलेला शब्द आणि तोच चुकला. चाचांची चूक म्हणवत नाही, हिंदीत त्यांना ळ कधी कोरावाच लागत नाही, मालकाच्या पोऱ्याने माझा कागद बघून कॉम्प्युटरवर टाईप करून दिला आणि त्याला वाटलं बाईने ल च वेडावाकडा काढलाय. कोरलेलं तर खोडता येत नाही. मी खूप बोलले, मालकाने निमूट ऐकून घेतलं आणि नवीन दगडाऐवजी तोच उलटा करून मागच्या बाजूला परत कोरून द्यायचं ठरलं, पैसे न घेता. त्याला आणखी नऊ दिवस. यावेळी मी स्वतः जाऊन गेरूने दगडावर ळ काढून आले, चाचांनी दोनदा गिरवून बघितला आणि विचारलं की ये आपके यहां बहुत आता है क्या. म्हटलं, हो, फार.

ळ सुरेख आलाय, वरचा फाटा किंचित जाड, बाकी अक्षरांपेक्षा मला तोच जास्त आवडतो. ल वाली बाजू आता सिमेंटच्या आत आहे, बाकाच्या पाठीला चिकटून, कुणाला दिसणार नाही. कधी कुणी हजार वर्षांनी उकरलं तर त्यांना वाटेल दोन वेगळ्या बायका होत्या.

तर जायचं असेल तर मंगळवार सोडून जा, मंगळवारी बंद. सकाळी अकराच्या आधी चाचा नसतात. जोडाक्षराचं आधी ठरवा. ग्रेनाइट आणि सोनेरी रंग ते फार गळ्यात मारतात, घेऊ नका, सोनेरी रंग पावसाळ्यात उडतो. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. फाईल उघडू देऊ नका, घरूनच मजकूर लिहून न्या आणि त्यात ळ, ऱ्या, ऱ्हा असलं काही असेल तर वेगळ्या कागदावर पंजाएवढं मोठं काढून न्या. बाक बसवून दीड महिना झाला. चांगला आहे, फक्त दगडाचाच असल्यामुळे संध्याकाळी गार पडतो. आत्या घरून उशी घेऊन जाते.